कुरकुरीत, पण कुणासाठी? एका चायनीज कृतीची चिकित्सा

पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न सारखा येतो. "मार्गदर्शक एखादा शोधनिबंध हातात देतात आणि म्हणतात, याची चिकित्सा करून आणा. सारांश लिहिता येतो हो, पण चिकित्सा म्हणजे नेमकं काय करायचं?"

याचं उत्तर मी आजवर पद्धतिशास्त्राच्या पुस्तकातून देत आलो. या वेळी चिकित्सेला घेतलाय सात ओळींचा एक मजकूर, आणि तो आहे स्वयंपाकाचा. नाव: 'क्रिस्पी चिली चिकन, हॉटेलसारखं, ३० मिनिटांत, ४ जणांसाठी'. ही कृती कुणा एकाची नाही. चार-पाच ठिकाणी पाहून मी वहीत उतरवलेला तो मेळ आहे. सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच सांगतात, म्हणून एकाला धरून ठोकण्यात अर्थ नाही. आपल्याला तपासायचाय तो लिहिण्याचा प्रकार.

आधी कृती वाचून घ्या. अर्धा किलो बोनलेस चिकनचे तुकडे घ्या. त्याला मीठ, मिरपूड, आलं-लसूण, सोया सॉस, अंडं आणि कॉर्नफ्लोअर लावून ठेवा. गरम तेलात कुरकुरीत होईपर्यंत तळा. दुसऱ्या कढईत हाय फ्लेमवर लसूण, हिरवी मिरची, कांदा, ढोबळी मिरची परता. सोया सॉस, चिली सॉस, व्हिनेगर आणि कॉर्नफ्लोअरचं पाणी घाला. तळलेलं चिकन टाकून दोन मिनिटं टॉस करा. कांद्याची पात भुरभुरवून गरमागरम वाढा.

वाचताना काही खटकलं? मलाही खटकलं नव्हतं. पहिल्या वाचनात न खटकणारा मजकूरच चिकित्सेला चांगला.

आमच्या पडवीत काय झालं

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात. सुट्टीत घरी गेलो, काका-काकू आले होते, लेकरं मागं लागली होती की बसस्टँडच्या गाड्यावर मिळतं तसं चायनीज घरी करा. मी म्हटलं, मी करतो. पीएचडीला नोंदणी झालेल्या माणसाला सात ओळी वाचून चिकन करता येणार नाही का?

आता आमच्या घरची परिस्थिती ऐका, कारण पुढं तीच महत्त्वाची ठरणार आहे. आजी माळकरी. नर्सीच्या नामदेवाला जाणारं घर. त्यामुळं चिकन आमच्या स्वयंपाकघरात शिजत नाही. मागच्या पडवीत त्यासाठी वेगळी शेगडी आहे, पाच किलोच्या सिलिंडरवर चालणारी, एकाच बर्नरची. भांडीही वेगळी, म्हणजे एक कढई, एक पातेलं, एक झारा. पडवीला तीन बाजूंनी वारा. आणि चिकन खाणारे आम्ही नऊ: आई, बाबा, दादा, वहिनी, त्यांची दोन लेकरं, काका, काकू आणि मी.

अर्धा किलोला चार माणसं, तर नऊ माणसांना साधारण सव्वा किलो. त्रैराशिक मांडलं. बोनलेस मिळवायला हिंगोलीला जावं लागलं, कारण गावात हाडासकट तुकडेच करून देतात. आजीनं लांबूनच विचारलं, "त्या काळ्या बाटलीत काय हाय?" मी म्हटलं, सोयाबीनपासून करतात. ती हसली. आमच्या शेतातलं सोयाबीन मोंढ्यात जातं, आणि त्याच पिकाची बाटली आम्ही शहरातून विकत आणतो, याचं तिला नवल वाटलं.

सव्वा किलो चिकन मी दोन घाण्यांत तळलं. पहिला घाणा कढईत पडला तसा तेलाचा आवाजच बसला. तडतड थांबून नुसतं बुडबुड सुरू झालं. तुकडे पांढरट दिसायला लागले, एकमेकांना चिकटले, पाणी सुटलं. कसंतरी तळून काढलं. मग त्याच एका बर्नरवर सॉस. 'दोन मिनिटं टॉस करा' या ओळीला आमच्याकडं बारा मिनिटं लागली. वाढेपर्यंत चिकनवरचं आवरण भिजून सुटलं होतं. चवीला वाईट नव्हतं, पण आईनं एका वाक्यात निकाल दिला, "काहून रे, ही तर पातळ भाजीच झाली की."

लेकरांनी खाल्लं, कारण भूक लागली होती. आणि मी काय म्हणालो असेन? "मला जमलं नाही." हेच वाक्य धरून आपण पुढं जाऊ.

पहिला प्रश्न: कृती कोणत्या अटींवर खरी आहे?

कृती हा एक दावा असतो. "असं असं केलं तर असं असं होईल." शोधनिबंधातला पद्धतीचा भाग हाही तसाच दावा. चिकित्सेचं पहिलं काम म्हणजे 'तर' च्या आधीच्या न लिहिलेल्या अटी शोधणं.

आधी कुरकुरीतपणा म्हणजे काय ते बघू. कॉर्नफ्लोअर म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. गरम तेलात आधी ते पाणी घेऊन फुगतं, मग त्यातलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि मागं कडक, ठिसूळ कवच राहतं. आपल्या दाताखाली जो आवाज येतो तो या कोरड्या कवचाचा. त्यात पुन्हा पाणी शिरलं की कवच मऊ पडतं. मग ते पाणी सॉसमधलं असो, आतल्या मांसातून बाहेर येणाऱ्या वाफेचं असो, की झाकण ठेवल्यामुळं साचलेलं असो. म्हणजे सगळा खेळ पाण्याचा आहे. पाणी किती वेगानं बाहेर काढलं आणि ते परत यायला किती वेळ दिला, एवढ्यावर सगळं ठरतं.

आता कृतीतल्या ओळी परत वाचा. 'गरम तेलात' म्हणजे किती गरम? अशा तळणीला साधारण १७० ते १८० अंश सेल्सियस लागतं. गार, ओलं चिकन भरपूर टाकलं की हे तापमान धाडकन खाली येतं. मग पाणी उडून जायच्या ऐवजी तुकडे स्वतःच्याच पाण्यात शिजतात. ते परत किती लवकर वर चढेल हे शेगडीच्या ताकदीवर अवलंबून. कृतीत तेलाचं माप नाही, घाण्याचं माप नाही, शेगडीचं तर नावही नाही.

'हाय फ्लेम' हा शब्द तर सगळ्यात फसवा. माझ्या पडवीतल्या शेगडीचा नॉब पूर्ण फिरवला होता, म्हणजे माझ्यासाठी ती हाय फ्लेमच. पण गाड्यावरच्या भट्टीला जास्त दाबाचा गॅस येतो, ज्योत कढईच्या बाहेरून वर येते आणि तिचा आवाज रस्त्याच्या पलीकडं ऐकू जातो. घरगुती शेगडीपेक्षा तिची उष्णता कितीतरी पट जास्त. दोघांच्याही कागदावर शब्द एकच. संशोधनात याला आपण कार्यात्मक व्याख्या नसणं म्हणतो. 'उच्च उत्पन्न गट', 'चांगली उपस्थिती', 'नियमित वाचक' असे शब्द निबंधात दिसले की माझी ही शेगडी आठवा आणि विचारा: हे कशानं मोजलं, कुणाच्या मापानं?

तुलनेला एक चांगलं उदाहरण देतो. २०२० साली हुंगतांग को आणि डेव्हिड हू या अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेच्या संशोधकांनी कढईत भात उडवून परतण्याच्या हालचालीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तैवान आणि चीनमधल्या पाच व्यावसायिक आचाऱ्यांचं चित्रण करून त्यांनी ती हालचाल मोजली. कढई पुढं-मागं ढकलणं आणि सी-सॉसारखी खाली-वर झुलवणं, या दोन हालचाली एकत्र होतात, आणि एक फेरा साधारण एक तृतीयांश सेकंदात पुरा होतो. म्हणजे आपल्या कृतीत 'टॉस करा' एवढ्या दोन शब्दांत जे उरकलंय, त्यात हे सगळं आहे. तुकडा तव्याला लागतो, हवेत उडतो, त्यावरची वाफ निघून जाते, परत लागतो. मी झाऱ्यानं जे केलं त्याला ढवळणं म्हणतात. पाच आचारी हा नमुना लहान आहे, हे खरं. पण तो पाचचा आहे हे त्यांनी लिहिलंय, म्हणून तर आपल्याला लहान म्हणता येतं.

दुसरा प्रश्न: अपयश कुणाच्या नावावर जातं?

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांचा १९७४ चा एक निबंध संशोधनाच्या वाटेवर असलेल्या प्रत्येकानं वाचावा असा आहे. विषय लेझरचा. टीईए नावाचा एक लेझर कॅनडातल्या प्रयोगशाळेत तयार झाला होता आणि ब्रिटनमधल्या काही प्रयोगशाळा तो आपल्याकडं बनवायला बघत होत्या. कॉलिन्स यांना असं आढळलं की निव्वळ छापील माहिती वाचून तो कुणालाच चालू करता आला नाही. ज्यांना जमला, त्यांचा आधी जमलेल्या कुणाशी तरी प्रत्यक्ष संबंध आला होता. भेट, फोन, येणं-जाणं. लिहिणाऱ्यांनी मुद्दाम सगळं लपवलं होतं असंही नव्हे. आपल्याला नेमकं काय येतंय, हे त्यांनाच पूर्ण माहीत नव्हतं. मायकेल पोलान्यी यांनी याआधीच अशा न सांगता येणाऱ्या ज्ञानाबद्दल लिहिलं होतं. कॉलिन्स यांनी ते प्रयोगशाळेत दाखवलं.

पदार्थविज्ञानातले मुरलेले लोक जिथं कागद वाचून अडले, तिथं आपण मात्र सात ओळी वाचून म्हणतो, "मला जमलं नाही."

माझा या कृतीवरचा मुख्य आक्षेप हाच आहे. अटी न लिहिणारा मजकूर कधीच चुकत नाही. जमलं तर कृती छान, नाही जमलं तर करणाऱ्याचा हात बरा नाही. लिहिणारा दोन्हीकडून सुटला. आणि हा दोष सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. मला घरात कुणी काही म्हणालं नाही, सगळे हसले आणि विसरले. तेच वहिनींच्या हातून झालं असतं तर पुढच्या पाहुण्यांसमोरही निघालं असतं. त्यांच्या आधी आईच्या बाबतीत असं निघालेलं मी लहानपणी ऐकलंय.

शोधप्रबंधात हेच होतं. एखाद्या नावाजलेल्या निबंधातली पद्धत घेऊन आपण कळमनुरीच्या शाळांत प्रश्नावली भरून घेतो, निष्कर्ष तसा येत नाही, आणि आपण समजतो की आपलंच काहीतरी चुकलं. चुकलेलं असू शकतं, नाही असं नाही. पण मूळ निबंधाच्या न लिहिलेल्या अटी तपासल्याशिवाय ते ठरवता येत नाही.

तिसरा प्रश्न: इतिहास कुठून आला?

अशा कृतींच्या डोक्यावर बऱ्याचदा दोन ओळींचा इतिहास असतो. चिली चिकनचा सख्खा भाऊ म्हणजे मंचुरियन, आणि त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये तो पहिल्यांदा केला. काहीतरी नवीन द्या म्हटल्यावर त्यांनी आलं-लसूण-हिरवी मिरची घेतली, पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि चिकनच्या तळलेल्या तुकड्यांना कॉर्नफ्लोअरनं दाट केलेला सॉस दिला. वांग यांनी पुढं मुंबईत 'चायना गार्डन' काढलं.

ही गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. गोष्ट पटण्यासारखी आहे आणि सांगणारा माणूस त्याच धंद्यातला. पण चिकित्सा करणाऱ्यानं इथं थांबून मोजायचं असतं: साक्षीदार किती? ही गोष्ट पन्नास ठिकाणी छापलेली दिसेल, पण माग काढत गेलं की आपण बहुतेक वेळा परत वांग यांच्याच सांगण्यापाशी येतो. पन्नास ठिकाणं म्हणजे पन्नास पुरावे नव्हेत. संदर्भ मोजू नका, संदर्भांचे उगम मोजा. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात सगळ्यात जास्त गुण इथंच जातात.

शिवाय एका माणसाच्या नावावर गोष्ट लावली की कोलकात्याच्या टेंगरा भागातल्या हक्का कुटुंबांची अनेक वर्षांची स्वयंपाकघरं मागं पडतात. आणि मुंबईच्या क्लबातून हा पदार्थ हिंगोलीच्या बसस्टँडपर्यंत कसा पोचला, कुणाकडं काम करून कोण शिकलं, भट्टी कुठून आली, हे तर कुठंच येत नाही. शोधाची तारीख सापडते, प्रसाराचा इतिहास सापडत नाही. कुणाला प्रबंधाला विषय हवा असेल तर हा रिकामा आहे.

चौथा प्रश्न: ते 'चार जण' कोण?

मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांचा १९८८ चा एक गाजलेला निबंध आहे. स्वातंत्र्यानंतरच्या भारतात पाकपुस्तकांमधून 'राष्ट्रीय' खाद्यसंस्कृती कशी घडत गेली, याबद्दलचा. शहरी मध्यमवर्गातल्या बायका एकमेकींच्या प्रांतांतले पदार्थ शिकतात, लिहितात, आणि त्यातून प्रांतांच्या ओळखी पुसल्या न जाता एक सामाईक ताट तयार होतं, असं त्यांचं म्हणणं. पाककृती हा गंभीर अभ्यासाचा ऐवज आहे, हे या निबंधानं पटवून दिलं. माझ्यासारखा आज यावर लिहू शकतो तो त्यामुळंच.

पण त्यांचा आधार प्रामुख्यानं इंग्रजीतली पुस्तकं हा आहे. पुस्तक काय सांगतं ते पुस्तकातून कळतं. ते पडवीत केलं तर काय होतं, आणि झाल्यावर कोण आधी खातं, हे पुस्तकातून कळत नाही. आपल्या मराठवाड्याच्या बाबतीत या जागी शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) उभं राहतं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्याची नोंद त्यांनी आतून केली. शीर्षकातच त्यांनी 'पूर्णब्रह्म' म्हणणाऱ्या संस्कृतीला प्रश्न विचारलाय. ते वाचलं की कळतं, 'साहित्य' आणि 'कृती' या दोन शब्दांच्या आधी आणखी दोन गोष्टी असतात: मिळालं काय, आणि खाणारी तोंडं किती.

'४ जणांसाठी' ही ओळ या दोन्ही गोष्टी गिळून टाकते. चार हा आकडा आई, बाप आणि दोन मुलं असं घर धरून चाललाय, आणि ते चौघं एकाच वेळी टेबलाला बसतात असंही. माणसं वाढली की चिकन त्रैराशिकानं वाढवता येतं. वेळ तशी वाढत नाही. नीट तळायचं म्हटलं तर माझ्या कढईत पाव किलोचा एक घाणा. सव्वा किलोचे पाच घाणे. दर घाण्याला सात-आठ मिनिटं, आणि मधे तेल परत तापायला दोन-तीन. म्हणजे शेवटचा घाणा निघतो तेव्हा पहिला जवळजवळ पाऊण तास जुना. मग सगळ्यांना एकत्र कुरकुरीत वाढणं हे एका शेगडीवर शक्यच नाही. कुणीतरी आधी खाणार, कुणीतरी मागून, आणि एक माणूस सगळ्यात शेवटी. ते शेवटचं माणूस शेगडीपाशी उभं असतं.

आता माझी कबुली. पहिल्या प्रयत्नानंतर मी हौसेनं वहीत तक्ता केला होता: कोण, काय म्हणालं, कुरकुरीत की मऊ. काही दिवसांनी तो उघडला तर खाणारे नऊ आणि नोंदी आठ. वहिनींची नोंदच नव्हती. मी नोंदी घेत फिरत होतो तेव्हा शेगडीपाशी त्या होत्या. मी सुरू केलेलं त्यांनी न बोलता हातात घेतलं होतं, आणि त्या जेवल्या तेव्हा माझी वही मिटलेली होती. जिच्या कामातून सगळा विदा तयार झाला, तीच नमुन्यात नाही. शेतमजुरीवरच्या, शिक्षणावरच्या, आरोग्यावरच्या कितीतरी अभ्यासांत असंच होतं: जो प्रश्नावली भरून घ्यायला मदत करतो, चहा आणून देतो, त्याला कुणी प्रश्न विचारत नाही.

कृतीच्या बाजूनंही बोललं पाहिजे

नुसते दोष काढले की चिकित्सा होत नाही. दुसरी बाजू ही, की सगळ्या अटी कुणीच लिहू शकत नाही. लिहिल्या तर सात ओळींच्या सत्तर होतील आणि कुणी वाचणार नाही. लिहिलेल्या मापांचे उपकारही मोठे आहेत. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. वाटी-चमच्याच्या मापांत लिहिलेल्या अशा पुस्तकांनी कितीतरी जणींना सासू-आईच्या नजरेबाहेर, परगावी, स्वतःच्या हिमतीवर स्वयंपाक करता आला. न लिहिलेलं ज्ञान फार गोंजारू नये. ते ज्यांच्याकडं असतं ते हवं त्याला देतात आणि नको त्याला देत नाहीत. लिहिलेलं निदान सगळ्यांना वाचता येतं.

म्हणून 'सगळं का लिहिलं नाही?' हा आक्षेप बाळबोध ठरेल. खरा आक्षेप असा: जे बदललं की निकालच उलटतो, ते का लिहिलं नाही? पात कमी-जास्त झाली तर चालतं. घाण्याचं माप आणि वाढण्याची वेळ बदलली तर पदार्थच बदलतो. या कृतीत पातीचा उल्लेख आहे आणि घाण्याचा नाही. चिकित्सेत गुण मिळतात ते असा फरक ओळखण्याचे.

दुसरा प्रयत्न

कॉलिन्सचा निबंध वाचून मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. बसस्टँडच्या गाड्याशेजारी दोन संध्याकाळी उभा राहिलो. गाडेवाला एका वेळी एक किंवा दोनच प्लेट करतो. तुकडे त्यानं आधीच एकदा तळून ठेवलेले असतात, त्याला तो हाफ फ्राय म्हणतो. ऑर्डर आली की तेच कडक तेलात मिनिटभर परत तळतो. सॉस वेगळ्या कढईत आधी दाट होऊ देतो, चिकन शेवटी टाकतो आणि अर्ध्या मिनिटात उतरवतो. त्याला विचारलं की हे सगळं कृतीत का लिहीत नाहीत? तो म्हणाला, "हे तर कुणालाबी माहीत असतंय."

पुढच्या सुट्टीत स्वयंपाकाचा थर्मामीटर घेऊन गेलो. चिकन धुऊन कापडानं कोरडं केलं. पाव किलोचे घाणे. पहिल्यांदा साधारण १६० अंशांवर, आतून पूर्ण शिजेपर्यंत. नाव हाफ फ्राय असलं तरी चिकन आत कच्चं ठेवून बाहेर काढून ठेवणं धोक्याचं. मग जाळीवर मोकळं ठेवलं, झाकलं नाही. वाढायच्या वेळी १८० च्या वर एक-दीड मिनिट दुसरं तळण. सॉस आधीच दाट करून पातेल्यात तयार होता. तिघातिघांच्या तीन पंगती केल्या. पहिल्या पंगतीला वहिनी आणि लेकरं, दुसऱ्या पंगतीला आई, बाबा, काकू. तिसऱ्या पंगतीला काका, दादा आणि मी. शेगडीपाशी दादा. त्याला आधी ते पटत नव्हतं, पण वहिनींनी पदर खोचण्याआधीच लेकरांनी त्यांना ओढून पंगतीत बसवलं.

कुरकुरीत झालं. बाबा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्यांदा मागितलं. दादा शेगडीवरून उठला तेव्हा घामानं चिंब होता आणि म्हणाला, "एवढा वेळ लागतो का याला?"

मात्र यातून मी काय सिद्ध केलं? काहीच नाही. मी एका वेळी पाच गोष्टी बदलल्या: कोरडेपणा, घाण्याचं माप, दोनदा तळणं, सॉसची वेळ, पंगती. त्यातली कोणती कामाला आली आणि कोणती उगीच होती, हे मला सांगता येणार नाही. घरच्यांना जेवू घालायचं होतं, तेव्हा ते ठीक. प्रबंधात असं केलं तर मार्गदर्शक परत पाठवतील, आणि बरोबर करतील.

तुमच्यासाठी या वेळचा अभ्यास असा. तुमच्या विषयातला एक निबंध घ्या आणि फक्त पद्धतीचा भाग वाचा. एका कागदावर चार रकाने करा: न लिहिलेल्या अटी कोणत्या, त्यातली कोणती बदलली की निकाल उलटेल, संदर्भांचे खरे उगम किती, आणि या कामात असून नोंदीत नसलेलं माणूस कोण. प्रत्येक रकान्यात एक वाक्य आलं तरी पुरे. सारांश आणि चिकित्सा यांतला फरक आपोआप दिसेल.

आणि तक्त्याचं राहिलं. या वेळी नोंदी नऊ आहेत. वहिनींना मी विचारलं, "वहिनी, तुमच्या पानातलं कुरकुरीत होतं का मऊ?" त्या थोडं थांबून म्हणाल्या, "भाऊजी, गरम होतं." माझ्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. शेवटी समासात लिहून ठेवलंय.